सत्तावीस नंबरचं पाणी

सोलापूरहून परत आले तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आधी माझ्या पिशवीकडे पाहिलं. शेंगाचटणीची दोन पाकिटं आणली होती, ती दुपारच्या डब्याबरोबर संपलीसुद्धा. मग कुणीतरी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "ज्वारी." सगळे हसले. हसले ते बरंच झालं, कारण त्यापुढचं मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. आता तीन-चार महिने गेलेत, तर लिहून काढते.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत जीवरसायनाचं काम करते. मूळची चिपळूणजवळची. आमच्या विभागाचा विषय म्हणजे गुडघ्यातलं पाणी. प्रत्येक सांध्यात थोडासा चिकट द्रव असतो, वंगणासारखा. गुडघा झिजायला लागला की त्या द्रवात बऱ्याच गोष्टी उतरतात. सूज वाढवणारी प्रथिनं असतात, झिजलेल्या कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ आवरणाचे, तुकडे असतात. हे सगळं मोजायचं, आणि त्या माणसाला किती दुखतंय त्याच्याशी ताडून बघायचं, एवढंच आमचं काम. मेळ बसला तर उद्या थेंबभर पाणी बघून सांगता येईल की दुखणं कुठून येतंय आणि कुणाला कुठलं औषध लागू पडेल. हे काम चांगलं आहे असं मला वाटत आलंय, अजूनही वाटतं.

दोन वर्षांपूर्वी सोलापूर भागातून नमुने आले होते. मला माणसं माहीत नव्हती, नळ्यांवरचे नंबर माहीत होते. त्यातला सत्तावीस लक्षात राहिला, कारण पाणी अगदी स्वच्छ निघालं. सूज नाहीच म्हणायची, कूर्चेचे तुकडेही नावाला. आणि तक्त्यात वेदनेच्या रकान्यात दहापैकी दहा. नोंद करणाऱ्याचा हात चुकला असेल असं समजून मी समासात प्रश्नचिन्ह काढलं.

पुढची गोष्ट माझ्या हट्टाची. असले अभ्यास संपले की इंग्रजी अहवाल कपाटात जातात आणि ज्याच्या गुडघ्यात सुई गेली त्याला काहीच कळत नाही. मी बैठकीत भांडून ठरवून घेतलं की प्रत्येकाला त्याच्या भाषेत चार ओळींचं पत्र जायला हवं. ती पत्रं मीच लिहिली. सत्तावीस नंबरसाठी लिहिलं, 'आपल्या गुडघ्यातील पाण्यात दुखण्याला कारण ठरेल असे काहीही आढळले नाही.' वाक्य साधं, सुटसुटीत झालं होतं. ते लिहून झाल्यावर मी चहा प्यायला गेले होते हे मला आठवतं.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या फेरीचे नमुने घ्यायचे होते. आमच्याकडचा जाणारा मुलगा आजारी पडला, म्हणून मी निघाले.

सोलापूर

स्टेशनवर शबाना घ्यायला आली होती. गेल्या खेपेची सगळी माहिती हिनेच गोळा केली होती. फोनवर दोन वर्षं बोललो होतो, भेटलो पहिल्यांदाच. चाळिशीची, उंच, स्कूटरवर बसताना ओढणी एका झटक्यात कमरेला खोचणारी. माझी बर्फाची पेटी तिने पायांमध्ये उभी केली आणि म्हणाली, "मॅडम, घट्ट धरा. इथल्या रस्त्यावर तुमच्या गुडघ्यातलं पण पाणी निघंल."

शहराच्या पूर्वभागात, जुन्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत गेलो. यंत्रमागांचा आवाज भिंतीतून, ओट्यातून, आपल्या दातांतूनसुद्धा येतो. दुकानांच्या पाट्या तेलुगूत. दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसलेल्या. बोटं इतकी चटचट चालतात की बघणारा दमतो. आमच्या गावी बायका बसतात त्या पायरीवर, पाय खाली सोडून. इथे सगळं बसणं जमिनीवर, मांडी घालून, तासन् तास.

नरसूबाईंकडे आमचा पहिला मुक्काम. साठीच्या, तोंडात पान, घरात मुलींशी तेलुगू आणि आमच्याशी मराठी. शबानाने शून्य ते दहाची पट्टी त्यांच्यापुढे धरली. आमच्या अभ्यासाचा अर्धा भाग ही पट्टी आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही.

"कवाचं सांगू?" नरसूबाई म्हणाल्या. "उठतानाचं का बसल्यावरचं?"

"साधारण सांगा, मावशी."

"साधारण कसं सांगू? पहिल्या पाचशे बिड्यांला काय न्हाय. हजाराला आलं की नोप्पी सुरू." नोप्पी म्हणजे दुखणं, शबाना माझ्याकडे वळून म्हणाली. "मग उठलं की चमक. जिना चढलं की कळ. झोपलं की ठणका. हे सगळं येकच हाय का?"

"दहापैकी एक नंबर सांगा, मावशी."

नरसूबाईंनी शबानाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पाच लिव. तुला बी घरला जायचं आसंल."

शबानाने पाच लिहिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "असे पाच किती असतील गं आपल्याकडे?" ती स्कूटर सुरू करत म्हणाली, "मॅडम, विचारू नका."

दुपारी तिने डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. भाकरी पापडासारखी मोडते. महिनाभर टिकते म्हणे. आमच्याकडे तांदळाची भाकरी तव्यावरून ताटात येईपर्यंत कुणी धीर धरत नाही, आणि इथे भाकरी फडताळात चळत लावून ठेवतात. नारळाच्या जागी सगळीकडे शेंगदाणा. चटणीत, आमटीत, पोळीतसुद्धा. मी खूप खाल्लं. त्या दिवशी मला हा प्रवास आवडला होता.

सांगोला

सांगोल्याला एका छोट्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. तिथे नमुने काढून घ्यायचे, बर्फात घालून संध्याकाळच्या आत सोलापूरला आणायचे, असा बेत. एसटीत शेजारचे गृहस्थ बराच वेळ पेटीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "कोकनातल्या दिसताय. मासळी हाय काय ह्यात?"

"नाही. गुडघ्यातलं पाणी ठेवायला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपले दोन्ही पाय पलीकडे घेतले आणि पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

उन्हाने बर्फ निम्मा वितळला होता. स्टँडबाहेरच्या गोळेवाल्याने रंध्यावर किसून किसून पेटी भरून दिली आणि शेवटी सवयीने विचारलं, "रंग टाकू का, ताई?" शबाना रस्त्यातच हसत उभी राहिली. तिचं ते हसू मला आठवतं, कारण नंतरच्या दिवसांत ते पुन्हा ऐकायला मिळालं नाही.

दवाखान्यात अकरा नंबर भेटला. म्हाकूबा नावाचे धनगर आजोबा, लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ती काठी मेंढरांसाठी होती, स्वतःला टेकायला नव्हती. सुई टोचताना हे छताकडे बघून डॉक्टरांना पाऊस कसा होईल ते सांगत होते. पाणी निघालं ते गढूळ, पातळ, नळी भरून. गेल्या खेपेला सगळ्या नमुन्यांत यांचं पाणी सगळ्यांत वाईट होतं. जे जे वाढायचं ते सगळं वाढलेलं.

"किती दुखतंय, आबा?" शबानाने पट्टी धरली.

"दुकतंय? सकाळी जरा आवघडतंय. चालाय लागलं की इसरून जातंय. येक लिव."

मग त्यांनी आम्हाला आग्रहाने तळावर नेलं. डाळिंबाच्या बागांच्या कडेने, पांढऱ्या कापडांखाली झाकलेल्या झाडांच्या रांगांमधून, कोरड्या ओढ्यातून हे पुढे आणि आम्ही दोघी मागे धापा टाकत. मेंढरांचा वास, शेळीच्या दुधाचा दाट चहा, घोंगड्यावर बसणं. सगळीकडे उघडं माळरान. पाण्याचा टँकर येऊन गेल्याची ओल एवढीच काय ती ओल.

"मागच्या टायमाला पानी नेलं, त्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं. पत्र त्यांना मिळालंच नव्हतं. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाला पत्र कुठे पोचणार.

मी तोंडी सांगितलं. सगळं, खरं खरं, सोप्या शब्दांत. सांध्यात सूज खूप आहे, कूर्चा झिजलीय, पाणी फार खराब आहे. सांगताना मला एक प्रकारचा आनंदही होत होता, की बघा, एवढं असून हा माणूस किती चालतो.

म्हाकूबांनी ऐकून घेतलं. चहाचा पेला खाली ठेवला. "लई खराब हाय म्हनता?"

"खराब आहे, पण तुम्हाला दुखत नाही ना? मग झालं."

"न्हाय, तसं न्हाय," ते म्हणाले. "खराब आसंल तर दुकत आसंल की. माजं ध्यान नसंल."

आम्ही निघालो तेव्हा ते पोचवायला ओढ्यापर्यंत येणार होते. आले नाहीत. दगडावर बसून राहिले आणि उजव्या गुडघ्यावर तळवा फिरवत होते. एसटीत शबानाने पेटी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मॅडम, आबांना सांगायला नको होतं."

मी म्हटलं, "त्यांचा हक्क आहे तो."

वळसंग

सत्तावीस नंबर वळसंगला राहत होता. नाव गंगव्वा. मी शबानाला आधीच म्हटलं होतं, ही नोंद एकदा नीट तपासायची आहे. ती म्हणाली, "नोंद बरोबर होती, मॅडम. मीच लिहिली होती. त्या रडत होत्या."

घरी कुणी नव्हतं. शेजारच्या बाईने कन्नडमध्ये काहीतरी सांगून शेताकडे बोट दाखवलं. ज्वारीची काढणी चालू होती. इकडची जमीन काळी, सपाट. आमच्याकडे डोंगर आणि झाडी इतकी, की माणूस हाकेच्या अंतरावर येईपर्यंत दिसत नाही. इथे अर्ध्या कोसावरचं माणूसही दिसतं. त्यामुळे मी गंगव्वांना बराच वेळ, लांबून, चालता चालता बघत होते. ज्वारीची उभी ताटं उपटून आडवी पाडली होती आणि त्यांची कणसं खुडत एक म्हातारी बाई जमिनीवर बसून पुढे पुढे सरकत होती. हात मागे टेकायची, अंग उचलायची, हातभर पुढे आपटायची. एक पाय सरळ समोर, लाकडासारखा. मला वाटलं, हीच इकडची खुडायची रीत असेल.

जवळ गेल्यावर कळलं की बाकीच्या बायका उकिडव्या बसूनच खुडत होत्या.

"बसा की," गंगव्वा म्हणाल्या आणि आपल्या ओच्यातल्या भाजलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. सत्तरीच्या आतल्याच असतील. कपाळावर विभूतीचे पट्टे, हाताला कणसांच्या कुसळांचे ओरखडे. शबानाला त्यांनी ओळखलं, गालावरून हात फिरवला. तिने बॅगेतून पट्टी काढली आणि कन्नडमध्ये विचारलं, "नोवु एष्टू?" किती दुखतं?

"इल्ला," गंगव्वा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून मराठीत, "काय बी न्हाय. शून्य."

तेवढ्यात बांधावरून त्यांचा मुलगा मल्लिनाथ आला. पस्तिशीचा, अंगाने बारीक, बोलायला अतिशय अदबशीर. मी पुण्याहून आलेय म्हटल्यावर त्याने हात जोडले. "तुमीच का त्या मॅडम? तुमचं लई उपकार हायत. तुमच्या पत्रानं आमचं घर सावरलं."

घरी आल्यावर त्याने पत्र दाखवलं. लॅमिनेट करून, देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्याला लावलेलं. वर आमच्या प्रयोगशाळेचं नाव, खाली शिक्का, मध्ये माझं वाक्य.

तो सांगत होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतही नव्हतं. आधी तीन वर्षं अव्वा, म्हणजे आई, दुखतंय दुखतंय म्हणायची. दर पंधरा दिवसांनी मोटरसायकलवर बसवून सोलापूरला न्यायचा. गोळ्या, तेल, पट्टा, सगळं केलं. रानातली कामं सगळी बायकोच्या अंगावर. मग पत्र आलं. "आमाला वाटलं, देवच पावला. काहीही आढळले नाही. मी अव्वाला वाचून दाखवलं. तीनदा वाचलं. म्हटलं अव्वा, आता भ्यायचं न्हाय. मनातलं काढून टाक."

"मग?"

"मग काढलं की तिनं. आता म्हनतच न्हाय दुखतंय म्हनून."

त्याची बायको शिवलीला चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. "सगळं सांगा की," ती नवऱ्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मी लई बोलले त्यास्नी. कागद आल्यावर. तीन वरसं मी येकटीनं रान बघितलं, लेकरू काखंला बांधून. आनि ह्यांच्या गुडघ्यात काय न्हायच म्हनून लिवून आलं. मग मला राग आला की. सोंग केलं म्हनले. गल्लीत समद्यांम्होरं म्हनले."

गंगव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे भिंतीला धरून हळूहळू खाली घसरल्या होत्या. त्या घसरण्याकडे घरातल्या कुणाचं लक्ष नव्हतं. इतकी त्याची सवय झाली होती.

मी बोलायला लागले. पाण्यात काही सापडलं नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. दुखणं नुसतं सांध्यात नसतं, नसांत असतं, मणक्यात असतं, मेंदूत असतं. एकदा नसांना दुखायची सवय लागली की गुडघा बरा दिसला तरी त्या ओरडत राहतात. आणि आम्ही जे मोजतो ते थोडंच आहे, न मोजलेलं किती असेल ते आम्हालाही ठाऊक नाही. मी भराभर बोलत होते, माझा आवाज चढला होता. मल्लिनाथ मान हलवत होता. वर्गात मुलं हलवतात तशी.

शेवटी तो म्हणाला, "पर तुमीच लिवलंय की, मॅडम."

पुन्हा वळसंग

त्या रात्री लॉजवर मी नवीन पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी जे राहिलं ते असं: 'गंगव्वा यांना गुडघ्यात खरोखर तीव्र वेदना होतात. पूर्वीच्या पत्रातील वाक्याचा अर्थ त्यांना वेदना नाहीत असा नाही. त्यांना उकिडवे बसण्याचे व शेतातील काम देऊ नये, व डॉक्टरांकडे पुन्हा न्यावे.' खाली सही केली, माझा फोन नंबर घातला.

दुसऱ्या दिवशी शबानाला दुसरीकडे जायचं होतं. तिने ते काम पुढे ढकललं आणि मला पुन्हा घेऊन गेली. मल्लिनाथने पत्र दोन्ही हातांनी घेतलं. सावकाश वाचलं. मग खिळ्यावरचं जुनं काढून दोन्ही शेजारी शेजारी धरली.

"ह्यातलं खरं कंचं, मॅडम?"

"दोन्ही खरी आहेत."

"ह्याच्यावर शिक्का न्हाय."

"मी हातानं लिहिलंय. तेही मीच लिहिलं होतं."

तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "मंजे पान्यात काय न्हाय, पर दुखतंय. मग कशानं दुखतंय?"

"ते आम्हाला अजून नक्की कळलेलं नाही."

"मग आमी कुनाला इचारायचं?"

मी गंगव्वांजवळ जाऊन जमिनीवर बसले. माझे स्वतःचे गुडघे कुरकुरले. म्हटलं, "अव्वा, तुम्ही सांगा. तुम्ही खरं सांगितलंत तर ऐकतील ते. मी आहे इथं. किती दुखतंय?"

शिवलीला चुलीपुढून वळून बघत होती. मल्लिनाथच्या हातात दोन कागद. आता त्या बोलतील असं मला वाटलं. मनातल्या मनात मी त्यांना विनवत होते.

"दीड वरीस झालं," गंगव्वा म्हणाल्या. आवाज अगदी मोकळा, शांत. "ह्या दीड वरसात घरात भांडन न्हाय. सून अव्वा म्हनती. पोरगं येळंवर जेवतंय. आता मी दुखतंय म्हनू? काय बी दुखत न्हाय मला."

"पण दुखतंय ना?"

"माजं पानी नेलं हुतं, ते हाय का तुमच्यापाशी अजून?"

"आहे. खूप थंड फ्रीजमध्ये ठेवलंय."

"मग त्यालाच इचारा की. माज्यापरीस त्याचं खरं हाय. माजं काय इचारताय?"

त्यांनी हे कडवटपणे म्हटलं नाही. ज्याला जास्त कळतं त्याच्याकडे पाठवावं तसं म्हटलं. मग शिवलीलाला कन्नडमध्ये काही सांगितलं आणि तिने मला हुग्गी वाढली. गव्हाची, गुळाची खीर, वर तुपाची धार. पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेली. मी ती खाल्ली. घास गिळताना मला लाज वाटत होती, पण न खाणं त्याहून वाईट झालं असतं.

दुसरा नमुना द्यायला त्यांनी नकार दिला. सुईची भीती का, असं शबानाने विचारलं. "न्हाय," त्या म्हणाल्या, "आनि येक कागद नको घरात."

निघताना मल्लिनाथने शब्द दिला की अव्वाला डॉक्टरकडे नेईन. माझं हाताने लिहिलेलं पत्र त्याने घडी करून खिशात ठेवलं. जुनं पुन्हा खिळ्याला लावलं. कदाचित सवयीने लावलं असेल. स्कूटरवर शबाना म्हणाली, "मॅडम, दोन वर्षांमागं त्या माझा हात धरून रडल्या होत्या. 'लिव बाई, बरोबर लिव' म्हणत होत्या. मी दहा लिहिलं." शेतांत उपटलेल्या ताटांच्या पेंढ्या उभ्या केल्या होत्या, लांबवर, रांगेने. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

परतल्यावर

तक्ता भरायला बसले तेव्हा सत्तावीसच्या ओळीपाशी थांबले. नियमाप्रमाणे माणूस जे सांगेल तेच लिहायचं, म्हणजे शून्य. गेल्या खेपेचं पाणी स्वच्छ, आताची वेदना शून्य. गेल्या खेपेला जो नंबर सगळ्या तक्त्यात विजोड होता, तो या खेपेला चपखल बसला असता. मी शून्य लिहू शकले नाही. दहाही लिहू शकले नाही. रकाना मोकळा सोडला.

आमच्या प्रमुखांनी विचारलं, "सत्तावीसचं काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, त्यांचे डोळेही ओलावले. मग म्हणाले, "वाईट झालं. पण नोंदही नाही आणि नमुनाही नाही. वगळावं लागेल." ते बरोबरच होतं. सत्तावीस वगळला. आकडे आधीपेक्षा नीट जुळले.

म्हाकूबांचं मी शबानाला दोनदा विचारलं. मेंढरं आता पुतण्या नेतो, एवढंच तिला कळलं. गुडघ्यामुळे की वयामुळे, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

मे महिन्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, दबलेला. ओळखायला वेळ लागला. शिवलीला होती. नवऱ्याच्या खिशातल्या कागदावरून तिने नंबर उतरवून घेतला होता.

"अव्वांना नेलं होतं का डॉक्टरांकडे?" मी आधी तेच विचारलं.

"नेलं की. डॉक्टरनी इचारलं दुखतंय का. त्या म्हनल्या न्हाय. मग परत आलो."

"आता कशा आहेत?"

"बसूनच आसत्यात. आता सरकत बी न्हाईत. बोलत न्हाईत जास्त." मग ती म्हणाली, "मॅडम, माजा बी गुडघा धरलाय. उजवा. चैत्रापासनं. रानात बसलं की उटवत न्हाय."

मी विचारलं घरी सांगितलंस का.

"कुनाला सांगू?" ती म्हणाली. "अव्वाला कसं सांगू? मीच त्यास्नी गल्लीत समद्यांम्होरं..." पलीकडे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला, तशी ती आणखी हळू बोलायला लागली.

मी तिला दवाखान्याचं नाव सांगायला लागले, शबानाचा नंबर द्यायला लागले. सवयीने टेबलावरचं पेन उचललं आणि विचारलं, "किती दुखतं तुला, शिवलीला?"

"लिवून घेताय काय, मॅडम?" तिने विचारलं. "लिवू नका. तपासायला बी यायचं न्हाय मला. नुसतं ऐका."

मी पेन ठेवून दिलं. ती पंधरा-वीस मिनिटं बोलत होती, आणि मी ऐकत होते.